छपरावर न चढता

आमच्या मंडळात दर हिवाळ्याआधी दोन घरांची धुराडी साफ होतात आणि निदान तीन किस्से होतात. धुराडं वर्षभरात परत भरतं, मग ते परत साफ करता येतं. किस्से कोण साफ करणार? ते नुसते साठत जातात. मी काही ते लिहून ठेवत नाही. पण कुणाकडे पॉटलकचं, म्हणजे ज्यानं त्यानं आपापला पदार्थ आणायचं, जेवण असलं आणि नवीन पाहुणा आला की विश्वास, म्हणजे माझा नवरा, कोपरानं ढोसून म्हणतो, "सुलभा, तो राखेचा सांग ना." राखेचा किस्सा त्याच्यावरच आहे, तरी ऐकायची हौस त्यालाच जास्त.

आधी एक खुलासा. आमच्या स्वतःच्या घरी लाकूड जाळायचा स्टोव्ह नाही. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या टाउनहाउसमध्ये आमची गॅसची फायरप्लेस आहे, ती रिमोटनं पेटते आणि रिमोट सापडत नाही म्हणून पेटत नाही. त्यामुळे या सगळ्यात मी प्रेक्षक. तुम्हाला जे सांगतेय ते बाजूला उभं राहून बघितलेलं आहे.

मंडळात आम्ही पाच जण. मी आणि विश्वास. शिरीष आणि मंजिरी, तो डेटा सेंटरमध्ये, ती डेंटिस्ट. आणि दामले काका. अ‍ॅशबर्नहून पश्चिमेला पाऊण तास गेलं की डेटा सेंटरं संपतात, घोडे सुरू होतात, आणि डोंगराच्या पायथ्याशी शिरीष-मंजिरीचं आणि काकांचं घर आहे, एकमेकांपासून मैलभरावर. दोन्ही घरांत हॉलमध्ये लोखंडी स्टोव्ह, आणि त्याच्या डोक्यावरून सरळ छपराबाहेर जाणारी चिमणी. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. इथे त्या लोखंडी आहेत, इतकंच.

काका आता ऐंशी ओलांडलेले. नागपूरहून शिकायला आले, इथेच राहिले, आणि नोकरीत जन्मभर पूल तपासले. पूल तपासणारा माणूस रिटायर झाला की काय तपासणार? चहाचा कप उचलायच्या आधी ते त्याचा कान हलवून बघतात. काकू जाऊन सात वर्षं झाली. एकुलती मुलगी ऋचा, पार दुसऱ्या किनाऱ्यावर, क्युपर्टिनोला. तिचं म्हणणं, बाबांनी घर विकून तिच्याकडे यावं. काकांचं म्हणणं, नाही. घर त्यांनी स्वतः नकाशा काढून, स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलंय, आणि "तिथे जाऊन मी काय तपासू?" हा वाद सहा वर्षं चालला, आणि मागच्या वर्षी येऊन चिमणीवर अडला. काकांचं घर राहणार की जाणार, ते चिमणीवर ठरायचं होतं. ते सांगतेच. पण आधी मंडळ कसं जमलं ते.

*

शिरीष कराडचा. लहानपणी त्यांच्याकडे अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब होता, आणि चार ढलप्यांवर घरातल्या नऊ माणसांच्या अंघोळी व्हायच्या, हे आम्ही त्याच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आता तो बंब मला स्वप्नातही ओळखता येईल. अशा माणसाला अमेरिकेत स्टोव्ह मिळाला. त्यानं पहिल्याच हिवाळ्यात काटकसर सुरू केली.

स्टोव्हला हवेचा एक खटका असतो. तो जवळजवळ बंद करून ठेवला की लाकूड धड पेटत नाही, नुसतं धुमसत राहतं, आणि तासन्‌तास पुरतं. "एका ओंडक्यात बारा तास काढतो," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला.

एकदा काका त्याच्याकडे चहाला गेले. कपाचा कान हलवून झाला. मग स्टोव्हच्या काचेकडे नजर गेली. काच काळीकुट्ट. काकांनी उठून धुराड्याच्या नळीवर बोटानं टकटक केलं, तर आत खडखड करत काहीतरी खाली आलं.

"शिरीष," काका म्हणाले, "तू लाकूड वाचवत नाहीयेस. धूर जमवतोयस."

मग त्यांनी समजावलं. हवा कमी पडली की धुरातला डांबरासारखा भाग जळत नाही, तो वर जाता जाता थंड होतो आणि नळीला आतून चिकटतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. थर जाड झाला आणि एखादी ठिणगी वर गेली, की आधी चिमणी पेटते आणि मग घर. त्याच शनिवारी काकांनी आपला ब्रश आणून ती चिमणी साफ केली, आणि मोठी बादली भरून काळा चुरा काढला. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. मंडळाची स्थापना ती तिथे झाली.

शिरीष बादलीकडे बघत उभा होता. मंजिरीला मात्र काही विशेष वाटलं नाही. "यानं हनीमूनला, महाबळेश्वरला, डिसेंबरात हीटर लावू दिला नव्हता," ती म्हणाली. "म्हणे, ब्लँकेट दिलंय ना त्यांनी."

*

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, त्यातला माणूस बोलवावा. काकांनी बोलावला होता. एकदाच.

माणूस चांगला होता. डेव्ह नावाचा, दणकट, कामाची गाडी घेऊन वेळेवर आला. मी त्या दिवशी काकांना लोणचं द्यायला गेले होते, म्हणून मला सगळं बघायला मिळालं. काकांनी आधी त्याला बसवून चहा आणि चिवडा दिला. मग विचारलं, चिमणी साफ झाली हे तू कशावरून ठरवतोस? तो म्हणाला, बघून. काकांनी "बघून" हा शब्द वहीत लिहून घेतला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मग प्रश्नच प्रश्न. थर किती जाड असला तर नापास? मोजतोस कशानं? वरच्या टोपीची जाळी आधी का नंतर? हा जोड तू मागच्या घरी तपासलास का? डेव्ह बिचारा छपरावर, काका खाली मान वर करून उभे, हातात वही. तासाभराचं काम, जेवणवेळ उलटून गेली तरी चाललेलं. निघताना काकांनी त्याच्या हातात दोन पानी रिपोर्ट ठेवला. त्याच्याच कामाचा. शेवटी शेरा होता: समाधानकारक, सुधारणेस वाव आहे.

पुढच्या वर्षी काकांनी फोन केला तर उत्तर आलं, आम्ही आता त्या भागात येत नाही. दोन आठवड्यांनी तीच गाडी शेजारच्या बार्बराच्या दारात उभी. काका कुंपणापर्यंत गेले, तर डेव्हनं त्यांना बघितलं, गाडीत बसला आणि काच वर केली.

"चिवडा तिखट झाला होता बहुतेक," काका म्हणाले.

*

हा मंजिरीच्या आईचा. त्या साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. एप्रिलमध्ये वाऱ्यानं शिरीषच्या चिमणीची टोपी उडाली, आणि शिरीषनं "बघू रविवारी" म्हणून चार रविवार घालवले. मग एक दिवस नळीतून कुईकुई ऐकू यायला लागलं. टॉर्च मारून बघितलं तर आत रकूनची मादी आणि तिची पिल्लं. रकून म्हणजे मांजराहून मोठं, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेलं जनावर, आणि आगाऊपणात आपली माकडं परवडली.

शिरीष प्राणी पकडणाऱ्या माणसाला फोन लावत होता. आईंनी त्याच्या हातातला फोन खाली ठेवायला लावला. "शिरीषराव, बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का? सव्वा महिना हलवायचं नाही."

सासूबाईंपुढे काय बोलणार? कॅलेंडरवर सव्वा महिन्याची खूण झाली. आईंनी तेवढ्यावर थांबायचं ना. त्यांनी लेकीसाठी आणलेल्या डिंकाच्या लाडवांतले दोन रोज डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर, ठेवायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी डेकवर पाच रकून होते. त्यांतली एकही बाळंतीण नव्हती, दोन तर सरळसरळ बोके दिसत होते, असं शिरीष म्हणतो.

पण सव्वा महिना व्हायच्या आतच ती आपणहून पिल्लं घेऊन गेली, आणि आईंचा मान राहिला. शिरीषनं दुसऱ्याच दिवशी वर जाऊन भक्कम टोपी बसवली. आई अजून दर एप्रिलमध्ये साताऱ्याहून विचारतात, "आली का हो ती?" तो म्हणतो, "अजून नाही, आई."

*

आता राखेचा. यात चूक माझीही आहे, ती आधीच कबूल करते.

दिवाळीआधी समया घासायच्या होत्या. इथल्या दुकानातल्या पावडरनं पितळ चमकतं, पण ते आपलं वाटत नाही. चिंच आणि राख हवी. विश्वास काकांकडे चालला होता, मी म्हटलं, येताना थोडी राख आण. काका आत त्याच्यासाठी ताक भरत होते तेवढ्यात यानं मागच्या अंगणातल्या लोखंडी बादलीचं झाकण उघडलं आणि परस्पर राख भरून घेतली. कशात? दह्याच्या डब्यात. आमच्याकडे दह्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा कधी टाकला जात नाही. फ्रीजमध्ये दह्याचे सहा डबे असले तर दही त्यातल्या एकात असतं. तर असा एक डबा त्याच्या गाडीत होताच.

राख कालची होती. याला वाटलं, गार झाली. राखेच्या पोटात निखारा दोन-दोन, तीन-तीन दिवस जिवंत असतो, हे काकांनी आम्हाला दहा वेळा सांगितलेलं. डबा शेजारच्या सीटच्या पायाशी ठेवून स्वारी निघाली. हायवेवर वास यायला लागला. विश्वासला वाटलं, पुढच्या गाडीचा असेल, आणि त्यानं लेन बदलली. वास त्याच्याबरोबर लेन बदलून आला. तेव्हा त्यानं खाली बघितलं, तर डब्याला बूड उरलं नव्हतं आणि मॅट पेटली होती.

गाडी बाजूला घेतली. पाण्याची बाटली ओतली, ती पुरली नाही. मग काकांचं ताक. ताकानं विझली.

पुढे गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा तिथल्या माणसानं ते भोक बघितलं, आत वाकून वास घेतला आणि अगदी अदबीनं विचारलं, "सर, तुम्ही गाडीत स्मोक करता का?"

"नाही," विश्वास म्हणाला, "मी ताक पितो."

*

आता छप्पर.

चिमणी साफ करायची काकांची पद्धत म्हणजे शिडी लावून छपरावर जायचं, चिमणीची टोपी काढायची आणि ब्रश वरून खाली सोडायचा. ब्रशच्या मागे एकेक रॉड जोडत जायचं, म्हणजे तो खालपर्यंत पोचतो. वर्षातून एकदा केलं की पुरतं. काका महिन्यातून एकदा वर असायचे. टोपी सैल वाटते. जाळीत पान अडकलंय. काल धूर जरा तिरका गेला. वय ऐंशी, आणि आदल्या वर्षी तर डेकच्या तिसऱ्या पायरीवरून घसरून मनगट मोडून घेतलेलं.

काका छपरावर दिसले की बार्बरा क्युपर्टिनोला ऋचाला टेक्स्ट करायची. ऋचा काकांना फोन करून झापायची, मग मला फोन करून झापायची, "मावशी, तुम्ही सगळे तिथे असून हे होतंच कसं?" मी काय करणार? मी पाऊण तासावर, अ‍ॅशबर्नला, रिमोट शोधत असायचे. शेवटी दोन वर्षांपूर्वी तिनं फर्मान काढलं, शिडी घरात ठेवायची नाही. शिरीष जाऊन शिडी घेऊन आला. काकांनी ती मुकाट्यानं दिली. आम्हाला वाटलं, संपलं एकदाचं.

काका दर दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात. पाट मांडून त्यावर टॉर्च, मोजपट्टी, नोकरीतलं जुनं हेल्मेट, चिमणीचा ब्रश, रॉड, सगळं नीट ओळीनं. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकतात. ग्रुपवर ऋचाही आहे. मागच्या दसऱ्याला फोटो आला. शिरीषनं जोडलेले हात टाकले, मंजिरीनं फुलं टाकली, मी "छान" लिहिलं. मग ऋचाचा मेसेज आला. "बाबा, व्हॉट इज दॅट बिहाइंड द पाट?"

मी फोटो मोठा करून बघितला. पाटामागे भिंतीला टेकवून शिडी उभी होती. नवी कोरी. तिलाही हार घातलेला.

"लपवायची होती तर पूजेत कशाला ठेवलीत?" मी काकांना फोनवर विचारलं.

"हत्यार आहे," काका म्हणाले. "तिला एकटीला वगळून कसं चालेल?"

त्याच संध्याकाळी ऋचानं सांगून टाकलं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत येते. माझ्यासमोर चिमणी साफ करून दाखव. छपरावर न चढता, शिडीला हात न लावता, आणि मंडळातल्या कुणी मदत करायची नाही. जमलं तर राहा, मी जन्मात परत विषय काढणार नाही. नाही जमलं तर मार्चमध्ये घर विकायला काढायचं. काका "बरं" म्हणाले. काका वाद घालतात तेव्हा मला कधी काळजी वाटत नाही. त्या "बरं"ची मात्र वाटली.

*

छपरावर न चढताही चिमणी साफ करता येते. स्टोव्ह दोन दिवस थंड ठेवायचा, आतली वरची आडवी पाटी काढायची, दारावर प्लास्टिक लावायचं, त्यातल्या भोकातून ब्रश आत घालायचा आणि एकेक रॉड जोडत खालून वर ढकलत न्यायचा. काकांना ही पद्धत माहीत होती, पण आजवर त्यांनी तिला नाक मुरडलं होतं. आता इलाज नव्हता. ऋचा बुधवारी यायची होती. आधीच्या रविवारी आम्ही काकांकडे रंगीत तालीम ठेवली.

ब्रश नेताना रॉड फिरवत न्यावा लागतो, आणि एकाच बाजूला. उलटा फिरवला तर जोडांचे आटे सुटतात आणि ब्रश आत राहतो. ही बाजू विसरू नये म्हणून काकांनी आम्हाला पहिल्याच वर्षी खूण सांगितली होती, प्रदक्षिणा. देवाभोवती फिरतो तसा हात फिरवायचा. इतक्या वर्षांत कुणाचा रॉड सुटला नव्हता.

त्या रविवारी काका सतरंजीवर बसले आणि प्रदक्षिणा घालत ब्रश वर नेऊ लागले. तीन रॉड गेले. चौथा जोडला. थोडं फिरवलं आणि एकदम हात हलका झाला. बाहेर ओढून बघतात तर हातात दोनच रॉड. ब्रश आणि वरचे दोन रॉड चिमणीत अडकलेले.

"प्रदक्षिणाच घातलीत ना?" शिरीषनं विचारलं.

"मग काय लोटांगण?" काका म्हणाले. पण आवाज पडला होता.

आता अडकलेला ब्रश काढायचा तर वरून. काका उठले आणि बूट घालायला लागले. "पाच मिनिटांचं काम आहे." विश्वास दारात जाऊन उभा राहिला. आयुष्यात कधी कुणाच्या आड न आलेला माणूस.

"काका, बार्बरा खिडकीत आहे," तो म्हणाला.

काका एक बूट घालून थांबले. तसेच खुर्चीत बसले. "मार्चमध्ये मी काय करू रे तिथे?" असं म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

मंजिरी तोवर सतरंजीवर आडवी झाली होती. डोकं स्टोव्हच्या आत, कपाळाला क्लिनिकमधला दिवा, हातात दात बघायचा छोटा आरसा. आतून तिचा आवाज आला, "काका, तुमची प्रदक्षिणा वरून बरोबर आहे. खालून ती उलटी पडते."

ती बाहेर आली आणि तिनं हात फिरवून दाखवलं. छपरावर उभं राहून खाली बघताना ज्या बाजूनं फिरवलं की रॉड आवळतो, तीच बाजू खालून वर ढकलताना रॉड सोडवते. वरच्या दाढांचं काम आरशात बघून करताना तिला रोजच हे उलटसुलट करावं लागतं. काका धरून आम्ही चार इंजिनियर त्या खोलीत होतो. एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

मग ती परत आत गेली, आणि हातातल्या रॉडचं टोक वर लटकणाऱ्या रॉडला जुळवून, सुईत दोरा ओवावा तसं बसवलं. वीस मिनिटं लागली. ब्रश खाली आला तेव्हा शिरीषनं तिला विचारलं, "हे तुला जमलं कसं?"

"दिवसभर हेच करते," ती म्हणाली. "इथे पेशंट हलत नाही, तेवढंच सुख."

एक अडचण उरली होती. मंजिरी म्हणाली, काका, खालून करताना उलटी प्रदक्षिणा घाला, झालं. काकांनी मान हलवली. "ऐंशी वर्षांत कधी घातली नाही. आता घर वाचवायला देवाला डावं घालू?" त्यापुढे कुणाचं काय चालणार. दुसरी खूण शोधणं आलं. शिरीष म्हणाला, छताला बल्ब बसवतो तसं.

"भारतातला की इथला?" काकांनी विचारलं.

"इथला, काका. आट्यांचा."

आम्ही निघालो तेव्हा काका सोफ्यावर बसून, हात वर करून, हवेत बल्ब बसवत होते.

*

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी आम्ही चौघं काकांकडे पोचलो. स्टोव्ह दोन दिवस बंद, त्यामुळे घर गार पडलेलं, सगळे जॅकेटं घालून बसलेले. ऋचा पंचेचाळिशीची, मोठ्या हुद्द्यावरची, बोलायला सडेतोड. तिनं आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि बजावलं, कुणी उठायचं नाही, कुणी बोलायचं नाही. स्वतः स्टोव्हपाशी खुर्ची घेऊन बसली, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फोनवर टायमर.

काकांनी मास्क लावला. पाटी काढली, प्लास्टिक लावलं, ब्रश आत घातला. पहिला रॉड, दुसरा, तिसरा. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते. चौथा रॉड जोडताना ते थांबले.

"बाबा, यू ओके?"

काकांनी डावा हात मोकळा केला, हवेत वर धरला आणि काहीतरी फिरवून बघितलं. ऋचानं आमच्याकडे बघितलं. आम्ही छताकडे बघितलं. मग काकांनी चौथा रॉड बसवला, वर नेला, पाचवा जोडला, आणि वर टोपीला ब्रश लागल्याचा आवाज आला. तसेच सावकाश सगळे रॉड खाली आले, आणि शेवटी ब्रश. काकांनी चुरा गोळा केला, लोखंडी बादलीत भरला आणि झाकण लावलं.

"तपास," ते म्हणाले.

ऋचा गुडघ्यावर बसली, डोकं स्टोव्हमध्ये घातलं, टॉर्च वर मारला. बराच वेळ बघत होती. बाहेर आली तेव्हा कपाळाला काळं लागलं होतं.

"क्लीन आहे," ती म्हणाली. "ओके, बाबा. घर राहू दे. मी परत विषय काढणार नाही. प्रॉमिस."

विश्वासनं माझा हात घट्ट धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली. काका सतरंजीवर बसून रॉड एकमेकांपासून सोडवायला लागले.

"पण एक सांग," ऋचा त्यांच्या शेजारी बसत म्हणाली. "हे अर्ध्या तासात झालं. हॉलमध्ये बसून. आणि तुला ही मेथड आधीपासून माहीत होती. मग सहा वर्षं दर महिन्याला छपरावर का चढत होतास?"

काकांनी चौथा रॉड सोडवला, बाजूला ठेवला, पाचवा घेतला.

"चढलो की तुझा फोन यायचा," ते म्हणाले.

विश्वास उठला. "रॉड धुऊन आणतो," म्हणाला. रॉड कधी कुणी धूत नाही. आम्ही चौघांनी एकेक उचलला आणि बाहेर गेलो. बाहेरचा नळ थंडीसाठी बंद करून ठेवलेला होता, तरी आम्ही बराच वेळ तिथेच उभे राहिलो.